डोक्यातील नळीला जंतू लागले तर

मेंदूभोवती व त्याच्या पोकळ्यांत निर्मळ पाण्यासारखा एक द्रव खेळत असतो. मोठ्या माणसात तो एका वेळी सुमारे १५० मिलिलिटर असतो; दिवसाकाठी मात्र सुमारे ५०० मिलिलिटर नवा तयार होतो व तितकाच रक्तात शोषला जातो. ही वाट अडली म्हणजे पाणी तुंबते आणि तान्ह्या मुलाचे डोके वाढू लागते. अशा वेळी शल्यवैद्य कातडीखालून सिलिकोनची बारीक नळी नेऊन ते पाणी पोटाच्या पोकळीत सोडतात. नळीला एकाच दिशेने उघडणारी झडप असते. अशी एक झडप १९५६ साली अमेरिकेत जॉन होल्टर याने आपल्याच मुलासाठी बनविली. तो वैद्य नव्हता; कुलपांच्या कारखान्यातील कारागीर होता!

नळीने मूल वाचते, पण तिला जंतू लागण्याचे भय राहते. बहुधा ते आपल्या सर्वांच्या कातडीवर निरुपद्रवीपणे राहणारेच जंतू असतात व शस्त्रक्रियेच्या वेळी नळीवर बसतात. म्हणूनच हा दोष बहुतेक वेळा पहिल्या काही महिन्यांत प्रकट होतो. ताप, वांत्या, गुंगी, टाळू फुगणे, नळीच्या वाटेवर लाली, कधी नुसती पोटदुखी. ताप नाही म्हणून निर्धास्त राहू नये.

आईबाप विचारतात, ‘इंजेक्शनांनी ताप उतरला, मग नळी का काढता?’ प्रश्न रास्त आहे. न घासलेल्या रांजणाला आतून बुळबुळीत थर धरतो. पाणी ओतून दिले तरी तो जात नाही. नळीवरही जंतू असाच थर धरतात. त्याखालचे जंतू औषधाला दाद देत नाहीत व औषध थांबताच पुन्हा डोके वर काढतात. म्हणून जुनी नळी काढावी लागते. मधल्या काळात तात्पुरत्या नळीने द्रव बाहेरच्या पिशवीत घेतात. शिरेतून, प्रसंगी थेट मेंदूच्या पोकळीत, व्हँकोमायसिनसारखे औषध देतात. द्रवाच्या तपासणीत जंतू वाढेनासे झाले म्हणजे नवी नळी बसते; किती दिवसांनी, ते जंतूच्या जातीवर अवलंबून. पिशवीची उंची मोजून ठरविलेली असते. ती खाली गेल्यास द्रव भलताच वाहून जातो. तेव्हा मुलाला उचलण्यापूर्वी परिचारिकेस सांगावे.

ब्रिटन व आयर्लंडमधील १६०५ रुग्णांचा अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. साध्या नळीत शेकडा सुमारे ६ जणांना जंतुदोष झाला. रिफँपिसिन व क्लिंडामायसिन मुरविलेल्या नळीत शेकडा २ जणांना. चांदीयुक्त नळीत मात्र ६ च! चांदीच्या भांड्यातले पाणी शुद्ध मानणाऱ्या आपणांस याचे नवल वाटेल. औषध मुरविलेली नळी महाग पडते. तिच्याविषयी पहिल्या शस्त्रक्रियेपूर्वीच शल्यवैद्यांना विचारावे.