बर्फाचे हॉटेल

मुलांनो, आपल्या मॉरिशसमध्ये बर्फ पाहायचा तर फ्रिज उघडावा लागतो. स्वीडनच्या उत्तरेला युक्कास्यार्वी गावी मात्र चक्क बर्फाचे हॉटेल आहे! मार्च महिन्यात गोठलेल्या टोर्ने नदीतून बर्फाच्या लाद्या कापून साठवतात. हिवाळा आला की त्यांच्या भिंती, खांब, पलंगसुद्धा करतात. खोलीत उणे ५ अंश थंडी. मग झोप कशी येते? पलंगावर रेनडिअरची कातडी अंथरतात आणि पाहुणा उबदार पिशवीत शिरतो, फक्त तोंड बाहेर!

वसंत ऋतूत हॉटेल वितळून पुन्हा नदीला मिळते. शिल्पकारांनी खपून कोरलेल्या मूर्तीही जातात. पुढच्या वर्षी सारे नवे! २०१६ पासून एक भाग मात्र बारमाही आहे. उन्हाळ्यात तेथे काही आठवडे सूर्य मावळतच नाही. त्याच सूर्यापासून मिळवलेल्या विजेवर हा भाग गोठलेला ठेवतात.