मापाची गाडी वेळेवर घ्या

“खुर्चीत बसवलं की तो चालायचा राहील ना, डॉक्टर?” आधाराच्या गाडीचा विषय काढला की आईवडील हमखास हे विचारतात. याच भीतीपोटी मूल सहा-सात वर्षांचं होईपर्यंत कडेवरच राहतं. मग आईची कंबर धरते आणि मुलाचं बाहेर पडणं कमी होतं.

सेरेब्रल पाल्सी (सीपी) असलेल्या मुलांच्या पालकांना मी स्पष्ट सांगतो, खुर्चीमुळे चालणं थांबत नाही. मूल किती चालेल हे मेंदूला झालेल्या इजेवर आणि स्नायूंच्या ताठरपणावर ठरतं. दोन वर्षांच्या आसपासही मूल मान धरत नसेल, आधाराशिवाय बसत नसेल, तर आधाराच्या स्ट्रोलरचा किंवा सीपी चेअरचा विचार तेव्हाच सुरू करा. नीट बसलेल्या मुलाचे हात मोकळे होतात, नजर समोर राहते, घास गिळणं सोपं जातं. फिजिओथेरपी आणि आधाराने उभं करणं मात्र चालूच ठेवायचं.

दुकानातली छत्रीसारखी मिटणारी बाबागाडी या मुलांना चालत नाही. तिची बैठक झोळीसारखी खाली दबते. दहा मिनिटांत मूल पुढे घसरतं, पाठीला पोक येतो, गुडघे एकमेकांवर येतात, मान छातीवर किंवा एका बाजूला पडते. आपल्याला वाटतं, पोर दमलं. खरं तर त्याच्या कमरेला आधारच नसतो.

म्हणून गाडी बघताना आधी बैठक बघा. ती टणक आणि सपाट हवी. पट्टे बांधताना कंबर अगदी मागे सरकवून कमरेचा पट्टा पहिला लावा, खांद्याचे नंतर. गुडघ्याची मागची बाजू आणि बैठकीची कड यांच्यात दोन बोटं जागा राहावी, पावलं फळीवर पूर्ण टेकावीत. मान न धरणाऱ्या मुलासाठी पाठ-मांडीचा कोन तोच ठेवून अख्खी बैठक मागे कलणारी गाडी चांगली. नुसती पाठ मागे गेली की मूल घसरतं. भरवताना मात्र बैठक सरळ करा, मागे कललेल्या मुलाला भरवलं तर ठसका लागून अन्न श्वासनलिकेत जाऊ शकतं.

ऑनलाइन फोटो बघून गाडी मागवू नका. फिजिओथेरपिस्ट किंवा ऑक्युपेशनल थेरपिस्टकडून मुलाची मापं घ्या आणि सोबत घराचीही घ्या. डोंबिवली-कल्याणच्या कितीतरी जुन्या इमारतींना लिफ्ट नाही, न्हाणीघराची दारं अरुंद आहेत. गाडी मिटल्यावर किती वजनाची होते, एकट्या आईला ती तिसऱ्या मजल्यावर नेता येईल का, रिक्षात सीटच्या मागे बसेल का, हे घेण्याआधी करून बघा. लोकलच्या दिव्यांग डब्यातही फलाटाचं अंतर आणि गर्दी असतेच. सोबत दुसरं माणूस असू द्या.

आता पैशांचं. आधी मुलाचं यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांग ओळखपत्र, काढा. स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करून जिल्हा रुग्णालयात तपासणी होते. ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असेल तर केंद्राच्या एडिप योजनेतून सीपी चेअर मिळू शकते. कुटुंबाचं मासिक उत्पन्न २२,५०० रुपयांपर्यंत असेल तर मोफत, ३०,००० पर्यंत असेल तर निम्म्या किमतीत. एकदा साधन घेतलं की पुन्हा तीन वर्षांनी अर्ज करता येतो, पण १२ वर्षांखालच्या मुलांना ही अट एकाच वर्षाची आहे. मुलं वाढतात, म्हणूनच ही सवलत आहे. फार थोडे पालक तिचा फायदा घेतात याची मला खंत वाटते. महापालिकांच्या अंदाजपत्रकात दिव्यांगांसाठी ५ टक्के निधी असतो. ठाणे किंवा कल्याण-डोंबिवली, तुम्ही जिथले असाल तिथल्या समाजकल्याण विभागात त्याची चौकशी करा. जुन्या करप्रणालीत विवरणपत्र भरत असाल तर कलम ८०डीडीखाली ७५,००० रुपयांची वजावट मिळते, दिव्यांगत्व ८० टक्के किंवा अधिक असेल तर १,२५,००० रुपयांची. बसण्याची अडचण गुंतागुंतीची असेल तर मुंबईत हाजीअलीला १९५५ पासून अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वास संस्था आहे. महालक्ष्मी स्टेशनपासून ती जवळ आहे.

गाडी आली म्हणून मुलाला दिवसभर तिच्यातच ठेवू नका. दर तासा-दीड तासाने जागा बदला, पालथं घाला, जमिनीवर खेळू द्या. रात्री कुल्ल्यांची आणि पाठीची कातडी बघा. लाली अर्ध्या तासात गेली नाही तर पट्टा किंवा गादी बदलायला हवी. जी मुलं स्वतः चालत नाहीत त्यांचा खुब्याचा सांधा हळूहळू सरकू शकतो आणि सुरुवातीला दुखतही नाही. अशा मुलाच्या खुब्याचा एक्स-रे वर्षभरात काढला नसेल, तर गाडीचं माप घ्यायला जाल तेव्हाच डॉक्टरांना त्याची आठवण करून द्या.