धुराड्याची चूल मांडताना



खांडबाऱ्याजवळच्या एका पाड्यावर मी एका ताईंच्या घरी धुराड्याची चूल मांडून दिली. आठवड्याने पाहिले, तर नळीलगतचा कूड करपलेला! चूक माझीच होती. घर वाचले, ही देवाची कृपा.

तेव्हापासून मी हे पाळतो :

१. चूल कुडापासून हातभर दूर मांडावी.

२. नळी कुडाला वा वाशाला टेकू देऊ नये. ती बाहेर निघते तिथला कूड भोवतीने वीतभर कापून पत्रा बसवावा.

३. नळीचे तोंड आढ्याहून उंच असावे.

४. दरमहा चूल थंड असताना काजळी झाडावी. साचलेली काजळी पेट घेते.

चूल देऊन आपले काम संपत नाही. महिन्याने पुन्हा त्या घरी जावे.