‘स्वप्नदोषा’त दोष कुठला?

ऐन मे महिन्यात एक तेरा वर्षांचा मुलगा जाड जॅकेट घालून दवाखान्यात आला. आईची तक्रार वेगळीच, “डॉक्टर, हा पोहायला जायचं नावच काढत नाही. गेल्या सुट्टीत पाण्यातून बाहेर निघायचा नाही.” आईला बाहेर बसायला सांगितलं, तेव्हा त्याने चेन खाली ओढली. डाव्या स्तनाग्राखाली सुपारीएवढी गाठ, दाबली की दुखणारी. त्याने मोबाइलवर शोधून ठेवलं होतं: कॅन्सर, नाहीतर आपण मुलगी होतोय.

दोन्ही नाही. वयात येताना जवळपास निम्म्या मुलांना अशी गाठ येते. मुलग्यांच्या शरीरातही इस्ट्रोजेन थोडं असतंच. या काळात हार्मोन्सचा तोल जरा ढळतो, इतकंच. बहुतेकांची गाठ दोनेक वर्षांत आपोआप विरते.

हे त्याला कोणी सांगायचं? मुलीबद्दल आपण आडून का होईना बोलतो. ‘कावळा शिवला’ म्हणून का असेना, विषय निघतो तरी. मुलाला मिसरूड फुटलं, आवाज फुटला की आपली शब्दसंपत्ती संपते. पुढचं शिक्षण एसटी स्टँडजवळच्या भिंतीवर, ‘गुप्तरोग’वाल्या जाहिरातीत. तिथेच त्याला ‘स्वप्नदोष’ भेटतो. झोपेत वीर्य बाहेर पडणं ही शरीर वयात येत असल्याची खूण आहे. त्याने अशक्तपणा येत नाही. त्याला दोष म्हणणारा शब्द मात्र गोळ्या विकणाऱ्यांच्या फार सोयीचा आहे.

शाळेचं वेळापत्रकही उशिराचं. आपल्या राज्य मंडळाच्या पुस्तकात मासिक पाळी सविस्तर येते दहावीला. मुलींमध्ये बदल साधारण 8 ते 13 या वयात स्तनांच्या वाढीपासून सुरू होतात आणि पाळी त्यानंतर दोन-अडीच वर्षांनी येते. म्हणजे पॅड कसं लावायचं हे छातीत पहिली गाठ जाणवते तेव्हाच सांगून ठेवायला हवं. मुलांमध्ये सुरुवात 9 ते 14 या वयात, अंडकोश वाढण्यापासून. ती कोणाच्याच लक्षात येत नाही. सिनेमाचंही तेच. 2023 साली ‘ओएमजी 2’ने शाळेत लैंगिक शिक्षण हवं असं म्हटलं, तर त्याला प्रमाणपत्र मिळालं ‘फक्त प्रौढांसाठी’! ज्यांच्यासाठी सगळा खटाटोप, ती पोरं थिएटरबाहेर.

डॉक्टरकडे कधी यायचं? मुलीत आठ किंवा मुलात नऊ वर्षांच्या आधीच बदल दिसू लागले तर. मुलीत तेराव्या आणि मुलात चौदाव्या वर्षापर्यंत काहीच सुरुवात नसेल, किंवा पंधरा उलटूनही पाळी आली नसेल तर. पहिली एक-दोन वर्षं पाळी मागेपुढे होते, त्याला घाबरू नका. पण रक्तस्राव फार होत असेल तर दाखवा. मुलाच्या छातीतली गाठ दगडासारखी घट्ट लागली, भराभर वाढली किंवा स्तनाग्रातून स्राव आला, तरीही थांबू नका.

आणि तपासताना मुलाशी दहा मिनिटं एकट्याने बोलू द्या. माझ्या त्या पेशंटने जॅकेटची गोष्ट आई बाहेर गेल्यावरच काढली.