घरातला भोंगा गप्प करताना

लखनौत अलीगंजला आमचं घर आहे. तीन वर्षांपूर्वी जानेवारीतल्या दाट धुक्यात आमच्या गल्लीत दोन घरं फुटली. आम्ही वर्षातून दोनदा तरी पुष्पक एक्सप्रेसनं कल्याणला जातो, तेव्हा घराला नुसतं कुलूप. म्हणून चोरीचा गजर बसवून घेतला. दारा-खिडक्यांना चुंबकाचे स्विच, बैठकीत हालचाल टिपणारे दोन सेन्सर, जिन्याखाली पॅनेलची पत्र्याची पेटी, गच्चीच्या कठड्याखाली बाहेरचा भोंगा आणि दुसरा आत, झोपायच्या खोल्यांमधल्या बोळात. इथे सगळे त्याला हूटर म्हणतात.

गेल्या मे महिन्यात एका रात्री पावणेतीनला वीज गेली आणि थोड्याच वेळात आतला भोंगा किंचाळायला लागला. सासूबाई ८७ वर्षांच्या. अंधारात काठी न घेताच उठल्या आणि तोल जाऊन पलंगाशेजारी जमिनीवर बसल्या. हाड मोडलं नाही, पण तासभर त्यांचा हात माझ्या हातात थरथरत होता. चोर कुठेच नव्हता. आतला भोंगा काढायचा, हे त्याच रात्री ठरलं. पुढच्या चार दिवसांत जे शिकले, ते इथे लिहिते आहे.

१. वाजत्या भोंग्याला हात लावू नका

कीपॅडवर कोड घालायचा आणि गजर थांबवायचा, रात्री एवढंच करायचं असतं. मी मात्र स्टूल ओढलं आणि भोंग्याचं झाकण उचकटलं. झाकणाखाली एक लहानसा स्विच असतो, त्याला टॅम्पर म्हणतात. झाकण उघडलं की तो सुटतो आणि कुणीतरी छेडछाड करतंय असं पॅनेलला कळतं. मग बाहेरचा भोंगाही सुरू झाला. शेजारी टॉर्च घेऊन फाटकाशी आले. माझे यजमान आले तेव्हा कुठे मला कोड आठवला. आता घरातल्या चौघांनाही तो पाठ आहे आणि महिन्यातून एकदा आम्ही तो अंधारात घालून बघतो.

२. काय गमावणार आहोत, ते आधी समजून घ्या

आतला भोंगा चोराला घरात टिकू न देण्यासाठी असतो. आमच्या भोंग्यावर एक मीटरवर ११० डेसिबल असं छापलं आहे. ८५ डेसिबलच्या आवाजात माणसानं आठ तासांहून जास्त राहू नये आणि पुढे दर तीन डेसिबलला ही मुदत निम्मी होते, असा एक हिशोब सर्रास वापरतात. त्या हिशोबानं ११० डेसिबलला जेमतेम दीड मिनिट उरतं. सासूबाईंचं दार त्या भोंग्यापासून चार फुटांवर आहे.

बाहेरचा भोंगा गल्लीला जागं करतो, पॅनेलमधलं सिमकार्ड आमच्या मोबाइलला फोन लावतं. आतला काढला तरी हे दोन उरतात. म्हातारी माणसं किंवा तान्हं बाळ असलेल्या घरात हा सौदा मला योग्य वाटतो. रात्री रिकाम्या असणाऱ्या दुकानातला आतला भोंगा मात्र मी कधीच काढू देणार नाही. आणि धुराचा किंवा गॅसचा सेन्सर त्याच भोंग्यावर असेल, तर घरातही तो काढायचा नाही. आग लागली तर झोपलेल्यांना उठवणारं दुसरं काही नसतं.

३. वीज कोणत्या क्रमानं तोडायची, हे मिस्त्रीलाही विचारा

दुसऱ्या दिवशी मिस्त्री आला, त्यानं सरळ मेन स्विच पाडला आणि पेटीतल्या बॅटरीची तार ओढली. पुढच्या क्षणी गच्चीवरचा भोंगा सुरू! त्या भोंग्याच्या पोटात स्वतःची छोटी बॅटरी होती. पॅनेलकडून येणारी वीज तुटली की कुणीतरी तार कापली असं तो धरतो आणि वाजतो. चोरानं तार कापली तरी गप्प बसू नये, म्हणून मुद्दाम केलेली ही सोय. सगळ्याच भोंग्यांत ती नसते, म्हणून आधी विचारायचं.

बरोबर क्रम त्याच्या उस्तादानं फोनवर सांगितला. आधी बसवणाऱ्याचा वेगळा कोड घालून पॅनेल दुरुस्तीच्या मोडमध्ये न्यायचं, म्हणजे टॅम्पर ओरडत नाही. बाहेरचा भोंगा स्वतःच्या बॅटरीचा असेल तर तोही पुस्तिकेत दिल्याप्रमाणे निकामी ठेवायचा. मग २३० व्होल्टची वीज, शेवटी बॅटरी. परत जोडताना आधी वीज, मग बॅटरी, असं आमच्या पुस्तिकेत आहे. तुमच्या पुस्तिकेत वेगळं असेल तर तेच खरं मानायचं. पत्र्याच्या त्या पेटीत २३० व्होल्टच्या तारा उघड्या टोकांनी येतात, तेव्हा घरच्या माणसानं स्क्रूड्रायव्हर घेऊन तिथे जाऊ नये. मी फक्त टॉर्च धरला.

४. तार कापू नका

आतल्या भोंग्याला दोनच तारा होत्या, लाल आणि काळी. मिस्त्रीनं पक्कड काढली तशी मी म्हटलं, "काटिए मत भैया, खोलिए." आधी मोबाइलवर दोन फोटो काढले. मग त्यानं पॅनेलकडची टोकं स्क्रू सैल करून सोडवली, एकेका तारेवर वेगवेगळी टेप गुंडाळली आणि मी कागदाच्या चिठ्ठीवर 'आतला हूटर' असं लिहून ती दोऱ्यानं बांधली. दोन्ही टोकं एकाच टेपमध्ये गुंडाळू नयेत. कुणी चुकून परत जोडली तर शॉर्ट होऊन फ्यूज जातो.

एवढं करूनही कीपॅड दर थोड्या वेळानं पिक-पिक करत राहिला. काही पॅनेल भोंग्याची तार जागेवर आहे का, हे सतत तपासत असतात. आमचंही तसंच निघालं. सोडवलेल्या जागी पुस्तिकेत दिलेल्या मापाचा रेझिस्टर बसवला तेव्हा ते थांबलं. काही रुपयांची वस्तू, पण ती नव्हती म्हणून आमची दुसरी रात्रही गेली.

५. भोंगा का वाजला, ते शोधा

मला सगळ्यात महत्त्वाचं हेच वाटतं आणि ते मला सासूबाईंनी शिकवलं.

त्या लखनौतच वाढल्या. कैसरबागेतल्या मॅरिस कॉलेजात गाणं शिकल्या. मुंबईच्या पंडित विष्णू नारायण भातखंडे यांनी १९२६ साली उभं केलेलं ते कॉलेज, आज भातखंडे विद्यापीठ आहे. ऐकू आता कमी येतं, पण सुराचा कान शाबूत आहे. मिस्त्री गेल्यावर त्या मला म्हणाल्या, "अगं, तो नीट वाजतच नव्हता. आधी चढा लागला आणि मग बसत गेला. दम संपलेल्या गवयासारखा."

मी तसंच मिस्त्रीला फोनवर सांगितलं. तो क्षणभर गप्प राहिला आणि म्हणाला, "भाभीजी, फिर तो बैटरी गई है."

तसंच निघालं. वीज असताना मीटरवर साडेतेरा व्होल्ट दिसत होते, सगळं ठीक. वीज बंद करून भोंगा वाजवला तर आकडा भराभर उतरत दहाच्या खाली आला. हालचाल टिपणाऱ्या सेन्सरमधला रिले वीज असेपर्यंत मिटलेला असतो. वीज कमी पडली की तो सुटतो आणि पॅनेलला वाटतं, बैठकीत कुणीतरी आलं. त्या रात्री वीज गेली, बॅटरीनं मान टाकली, सेन्सर सुटला. भोंगा वाजला तो खोटा चोर ओरडून.

१२ व्होल्टची ही शिसं-आम्लाची बॅटरी उन्हाळा सोसत नाही. तापमान दहा अंशांनी वाढलं की तिचं आयुष्य साधारण निम्मं होतं. लखनौत मे-जूनमध्ये पारा ४० च्या वर असतो आणि आमची पेटी जिन्याखालच्या कोंडलेल्या कपाटात. नाका हिंडोल्याहून नवी बॅटरी आणली, जुनी दुकानदाराला परत दिली आणि कपाटाच्या दाराला जाळी बसवून घेतली.

६. शेजाऱ्यांना सांगा आणि गजर मुद्दाम वाजवून बघा

काम संपल्यावर गल्लीतल्या तीन घरांना सांगून भर दुपारी गजर वाजवला. बाहेरचा भोंगा वाजला, तिघांच्या मोबाइलवर फोन आले, बोळ शांत. खोटा गजर वारंवार झाला की शेजारी उठेनासे होतात, आणि खरा चोर आला तर ११२ ला फोन लावणारं त्यांच्यातलंच कुणीतरी असतं.

आतला भोंगा आम्ही फेकला नाही. सासूबाईंना घेऊन कल्याणला जातो तेव्हा मिस्त्रीकडून त्या दोन तारा परत जोडून घेतो. तो दहा मिनिटांत चिठ्ठी बघून काम करतो. आल्यावर पुन्हा सोडवून घेतो.

तुमच्या घरी असा गजर असेल तर बॅटरीवर बसवल्याची तारीख लिहिली आहे का, ते आज बघा. तीन वर्षं उलटली असतील तर भोंग्याला हात लावण्याआधी ती तपासून घ्या.