माहेरचा भ, सासरचा प

अगं, तुझा मेसेज वाचून आधी हसूच आलं. "ताई, एकाच अक्षराच्या आडनावाचे पंधरा खेळाडू कुठून आणू?" बघ, आपल्या राई गावात असते तर हा प्रश्नच पडला नसता. बसथांब्यावर 'ओ पाटील' म्हणून हाक मारली की निम्मी रांग वळते, उरलेले म्हात्रे नाहीतर भोईर. गोची आहे ती इंग्लंडच्या प्रीमियर लीगच्या फँटसी खेळात, जिथे आपण कागदावरचा संघ निवडतो.

खरं सांगू का, पहिल्या वर्षी मी अक्षर मायेपोटी निवडलं. माहेरची मी भोईर, म्हणून 'भ'. डोकं खाजवून नाव आठवलं एकच, आपला भायचुंग भुतिया. तो 1999 मध्ये इंग्लंडला गेला खरा, पण बरी नावाच्या खालच्या विभागातल्या क्लबात! मग सासरचा 'प' धरला. पामर, पोर्रो, आणि गोलकीपर तर चक्क दोन, पिकफर्ड आणि पोप. म्हटलं, सासर पावलं! पुढच्या फळीत ऐटीत जोआव पेद्रो घातला, तर भाचा म्हणतो, "मामी, ही दोन्ही त्याची पाळण्यातली नावं. आडनाव जुन्केइरा दे जेसुस." बाद. माझी पुढची फळी आली ना उघड्यावर.

म्हणून बजावते, अक्षर ठरवताना आधी मोठी नावं बघू नकोस. सगळे हालांडपासून सुरुवात करतात आणि गोलकीपरपाशी अडतात. तू उलटी चाल. दोन गोलकीपर, मग पाच बचावपटू मिळतात का बघ. मधल्या फळीतले पाच आणि पुढचे तीन त्यानंतर. कोळंबी आणली आणि डब्यात तांदूळच नाही, अशी गत नको. हाताशी शंभर मिलियन पौंड असतात, आणि एका क्लबातले तिघंच चालतात. ही तिघांची अट फार छळते गं.

माझं ऐकशील तर इंग्रजी 'एस' घे. 2024-25 च्या हंगामात गोलकीपर सेल्स, सांचेझ आणि सा, बचावात सलिबा, मध्ये साका आणि सोन. सलाह एकटाच साडेबारा मिलियन खाऊन बसला, पण 29 गोल करून 344 गुणही त्यानेच दिले. त्याआधी या खेळात एका हंगामात तेवढे कुणी दिले नव्हते. फक्त साका, सलिबा आणि उसना आणलेला स्टर्लिंग घेतला की आर्सेनलचा कोटा तिथेच संपायचा. नावं पाठ करू नकोस हं, दर ऑगस्टला यादी बदलते.

एक भांडण मात्र आधीच मिटवून टाक, अक्षर इंग्रजी की मराठी? न्यूकॅसलचा शेर इंग्रजीत 'एस'मध्ये बसतो, मराठीत तो 'श'चा. आमच्या घरी यावरून रविवारचं जेवण थंड झालं होतं. शेवटी सासूबाईंनी निकाल दिला, "जर्सीवर दिसतं ते अक्षर." त्यांना फुटबॉलमधलं काही कळत नाही, पण निवाडा पक्का.

आणि पैसे लावायचे नाहीत. ऑगस्ट 2025 मध्ये पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा झालाय, आणि प्रीमियर लीगचा हा खेळ मुळातच फुकट आहे. हरणाऱ्याने सगळ्यांना वडापाव द्यायचा, एवढं पुरे.

घाबरू नकोस गं. तू महिनाअखेरीला अख्ख्या घराचा हिशेब जुळवतेस, हे पंधरा जण काय चीज आहेत. फक्त वेळ सांभाळ. दर फेरीतल्या पहिल्या सामन्याच्या दीड तास आधी संघबदलाचं दार बंद होतं, म्हणजे बहुतेक शनिवारी आपल्याकडे दुपारी साडेतीन, हिवाळ्यात साडेचार. मी एकदा सुकट निवडत बसले आणि जायबंदी गडीच कर्णधार राहिला. तेव्हा जेवणं उरकली की आधी फोन घे, भांडी नंतर. आणि अक्षराचं काय ठरवलंस ते कळव, मला चैन पडायची नाही.