विकार, विकल्प आणि विवेक

जीवाच्या ठायी उपजत प्रवृत्ती व विवेक अशा दोन शक्ती वावरतात. भूक, भय, क्रोध, वात्सल्य ही प्रवृत्तीची रूपे होत. ती कोणास शिकवावी लागत नाहीत. युक्तायुक्ताचा निवाडा हे विवेकाचे कार्य होय. या दोहोंचा मेळ बिघडला म्हणजे विवेकाचा लगाम सुटलेली प्रवृत्ती विकारास पोहोचते, आणि निष्ठेचा आधार सुटलेली बुद्धी संशयातच फिरत राहून विकल्पात पडते. साधकास दोन्ही सारखीच घातक.

येथे अशी शंका उद्भवते की, प्रवृत्ती हेच जर विकाराचे मूळ, तर तिचा समूळ उच्छेद का करू नये? याचे उत्तर गीतेच्या तिसऱ्या अध्यायात (श्लोक ३३-३४) आहे. ज्ञानवानही आपल्या प्रकृतीस अनुसरूनच वागतो, तेथे नुसता निग्रह काय करणार, असे श्रीकृष्ण चक्रवर्ती म्हणतात. आणि लगेच सांगतात की, इंद्रियांच्या विषयांत रागद्वेष असतातच, त्यांच्या अधीन मात्र होऊ नये. म्हणजे निषेध रागद्वेष असण्याचा नाही, त्यांच्या अधीन होण्याचा आहे.

आधुनिक मेंदूविज्ञानासही असाच अनुभव आला. अंतोनियो दामासियो यांनी १९९४ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात, मेंदूच्या पुढील भागास इजा झालेल्या रुग्णांचे वर्णन आहे. त्यांची बुद्धी चाचण्यांत उत्तम ठरे. परंतु भावना मंदावल्यामुळे स्वतःच्या आयुष्यातील साधे निर्णयही त्यांना नीट घेता येत नसत. यावरून नुसती बुद्धी पुरेशी नाही, हे स्पष्ट होते.

आपल्या परंपरेत या मेळाचे उदाहरण म्हाइंभट होत. वादासाठी आलेला हा पंडित पुढे सर्वज्ञांचा भक्त झाला. पण भक्तीने त्यांची चिकित्सा लोपली नाही. लीळा संग्रहित करताना, ज्यांनी त्या पाहिल्या-ऐकिल्या त्यांच्याकडून त्यांनी त्या पडताळून घेतल्या. भक्तीने प्रेरणा दिली, विवेकाने ती शोधून घेतली.

नित्याच्या आचारातही हाच क्रम ठेवावा. क्रोध आला तर तो आला हे प्रथम ओळखावे. तत्क्षणी बोलू नये, करू नये. नामस्मरणाने चित्त निवाल्यावर मग कर्तव्य ठरवावे.

मात्र मन व्याधिग्रस्त होते, तेव्हा विवेकाचे साधनच दुबळे झालेले असते. निद्रा उडणे, भास होणे, जगणे नकोसे वाटणे यांस साधनेतील उणीव समजून त्या जीवास दोष देऊ नये. ज्वर आला असता स्मरणही करावे आणि वैद्यही गाठावा; येथेही तसेच. अशा रुग्णास स्थानवंदनास आणणाऱ्या वासनिकांनी मनोविकारतज्ज्ञाचे औषध बंद करू नये. त्यास साखळीने बांधणे तर २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा अधिनियमाने निषिद्ध आहेच. अहिंसा हा ज्यांचा धर्म, त्यांना त्यासाठी अधिनियमाची वाट पाहण्याचे कारण नाही.